पुण्याच्या मैलापाण्यातून नशेचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा, म्हणजे बाजारातल्या 'एमडी'चा, मोठा साठा पकडला. पुढे कितीतरी दिवस कट्ट्याकट्ट्यावर एकच प्रश्न होता: पुण्यात एवढी एमडी खपते? त्या साठ्यावरून याचं उत्तर निघत नाही. माल बनतो एकीकडे, खपतो भलतीकडे. त्या प्रकरणाचे धागे तर दिल्लीपर्यंत गेले. धाडी वाढल्या की पकडलेला माल वाढतो, मग वापर होता तेवढाच का असेना. बरं, घरोघरी फिरून विचारावं, तर दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला 'हो, शनिवारी घेतो' असं कोण सांगणार? शिवाय पुडीत नक्की काय होतं हे घेणाऱ्यालाही धड ठाऊक नसतं.

लघवीत मात्र जे उतरायचं ते उतरतंच. कोकेन शरीरात गेलं की मुख्यतः यकृतातली एन्झाइम्स त्याचं बेंझॉइलएक्गोनिन करतात आणि ते मूत्रावाटे बाहेर पडतं. तिथून संडास, ड्रेनेज लाइन, पंपिंग स्टेशन आणि शेवटी मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. त्या केंद्राच्या तोंडाशी दिवसभर पाणी गोळा केलं तर लाख-दोन लाख लोकांचा मिळून एक लघवीचा नमुना हाती येतो, कुणाचंही नाव न विचारता. ही कल्पना २००१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या क्रिश्चन डॉटन यांनी मांडली. २००५ मध्ये मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेच्या गटाने ती इटलीतल्या पो नदीवर करून दाखवली: नदीतून रोज साधारण ४ किलो कोकेनच्या तोडीचा अवशेष वाहत होता. सरकारी अंदाजांपेक्षा हा आकडा बराच मोठा होता. २०११ मध्ये युरोपातल्या १९ शहरांनी एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीने नमुने घेतले आणि तिथून दरवर्षीची मोहीम सुरू झाली. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून हे राष्ट्रीय पातळीवर चालतं.

पुण्याला मैलापाण्याच्या बाटल्या नवीन नाहीत. कोविडच्या काळात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आणि पुणे नॉलेज क्लस्टर यांनी शहरातल्या शुद्धीकरण केंद्रांवरून नमुने घेऊन विषाणूचा माग काढला होता. पण विषाणू शोधणं आणि नशा मोजणं यात फरक आहे. विषाणूचा कल वर जातोय की खाली, एवढं कळलं तरी आरोग्य खात्याचं बरंचसं काम भागतं. नशेच्या बाबतीत 'किती' हा प्रश्न असतो, आणि 'किती' म्हटलं की हिशेब आला.

हिशेब एका ओळीचा

एक काल्पनिक केंद्र घेऊ. रोज ३० दशलक्ष लिटर पाणी येतं, मागे २ लाख लोक राहतात. दिवसभराच्या नमुन्यात लिटरमागे २०० नॅनोग्राम बेंझॉइलएक्गोनिन सापडलं. एक नॅनोग्राम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. २०० ला ३ कोटी लिटरने गुणलं की ६ ग्रॅम होतात. एवढ्या सगळ्या पाण्यात, चिमूटभर मिठाच्या दहा-पंधरापट. ६ ग्रॅम भागिले २ लाख लोक म्हणजे दर हजार माणसांमागे ३० मिलिग्रॅम. हा झाला अवशेषाचा भार.

आता मागे जायचं. घेतलेल्या कोकेनपैकी साधारण २९ टक्के बेंझॉइलएक्गोनिन होऊन लघवीत येतं आणि कोकेनचा रेणू त्याच्यापेक्षा किंचित जड असतो. दोन्ही धरून सुमारे ३.६ ने गुणायचं. म्हणजे हजार माणसांमागे रोज १०८ मिलिग्रॅम शुद्ध कोकेन. एका वेळची मात्रा १०० मिलिग्रॅम धरली तर हजारात एक मात्रा.

गणित पाचवीतल्या पोराला जमेल असं आहे. पण यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे विचारलं की घाम फुटतो. सुरुवातीच्या अभ्यासांत हाच गुणक २.३३ धरला जायचा, कारण तेव्हा ४५ टक्के उत्सर्जन गृहीत होतं. तेच पाणी, तेच यंत्र, आणि उत्तरात दीडपट फरक. म्हणून जाणकार लोक आधी अवशेषाचा भार छापतात आणि 'एवढं कोकेन' हे नंतर, जपून. मेफेड्रोनच्या बाबतीत तर गुणाकाराच्या फंदात पडूच नये, कारण माणसांवरचे उत्सर्जनाचे अभ्यास मोजके आहेत आणि घेणारा ते नाकाने, तोंडाने की सुईने घेतो यावरही बरंच अवलंबून असतं. मेफेड्रोन आणि शरीरात त्याचे होणारे पदार्थ मिलिग्रॅममध्ये द्यावेत आणि थांबावं.

आणखी एक गोष्ट या आकड्यात दडलेली नसते: माणसं किती. शंभर जणांनी महिन्यात एकदा घेतलं काय आणि दहा जणांनी दहादा घेतलं काय, पाण्याला दोन्ही सारखंच. 'पुण्यात इतके हजार व्यसनी' असा मथळा मैलापाण्यावरून कुणी दिला तर तो हवेतला समजावा.

बाटली भरायची कशी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि प्रयोगशाळेतलं कितीही महागडं यंत्र त्या दुरुस्त करू शकत नाही. बादली बुडवून एकदाच घेतलेला नमुना नशेच्या मोजणीसाठी जवळपास निरुपयोगी. सकाळी सहा ते नऊ या वेळात शहराची रात्रभराची लघवी वाहिनीत येते, दुपारी धुण्याभांड्यांचं पाणी असतं, मध्यरात्री झिरपलेलं भूजल. शिवाय दुर्मिळ पदार्थाच्या बाबतीत प्रत्येक फ्लश हा एक वेगळा लोंढा असतो. पन्नास हजारांच्या वस्तीत एखादी गोळी तीसेक जणांनीच घेतली असेल, तर केंद्राच्या तोंडाशी त्या फ्लशचा अंश मिनिटा-दोन मिनिटांत येऊन जातो. दर तासाला एकदा नळी बुडवली तर यातले बहुतेक निसटतात आणि एखादा नेमका सापडला तर आकडा उगाच फुगतो.

म्हणून स्वयंचलित सँपलर लागतो: आत नळी पिळून पाणी ओढणारा पंप, ४ अंशांवर ठेवणारा शीतकप्पा आणि प्रवाहमापकाशी जोडलेली तार. वेळेप्रमाणे नव्हे, प्रवाहाप्रमाणे ओढणं उत्तम. आपल्या काल्पनिक केंद्रात दर २ लाख लिटर पाणी गेलं की ५० मिलिलिटर ओढायचे. दिवसाला १५० वेळा, एकूण साडेसात लिटर. दहा लिटरचा डबा पुरतो. पुण्यात हे जास्तच महत्त्वाचं, कारण बऱ्याच केंद्रांवर पाणी उताराने येण्याऐवजी पंपिंग स्टेशनवरून ढकललं जातं. पंप चालू झाला की लोंढा, बंद झाला की ओहोळ. घड्याळाप्रमाणे नमुना घेतला तर ओहोळालाही लोंढ्याइतकंच वजन मिळतं.

नळीचं तोंड कुठे ठेवायचं? मोठ्या चाळणीच्या पुढे, वाळू बसवणाऱ्या टाकीच्या आसपास, जिथे पाणी घुसळतं. केंद्रातून परत फिरवलेलं गाळाचं पाणी जिथे मिसळतं त्याच्या मात्र अलीकडेच, नाहीतर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. चाळणीच्या अलीकडे नळी सोडली तर पहिल्या तासातच तिच्या तोंडाला चिंध्या, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या आणि निर्माल्याचा दोरा गुंडाळला जातो. गणपतीत हे दिवसातून तीनदा साफ करावं लागेल. तोंडावर जाळी, वर दगड किंवा शिशाचं वजन, आणि तळापासून वीतभर उंच. लाइट गेली की शीतकप्पा बंद पडतो. सँपलरला स्वतःची बॅटरी असली तरी बर्फाच्या पिशव्या हाताशी हव्यात. डब्याचं तापमान नोंदवणारं छोटं यंत्र आतच टाकून ठेवलं की रात्री काय झालं ते सकाळी कळतं.

दिवस सकाळी आठ ते दुसऱ्या सकाळी आठ असा धरतात. त्यामुळे शनिवारी रात्री घेतलेली नशा शनिवारच्या बाटलीत कमी आणि रविवार-सोमवारच्या बाटलीत जास्त दिसते. बाटलीवर फक्त तारीख लिहिली तर महिन्याभराने कुणालाच आठवत नाही की ती सुरुवातीची होती की शेवटची. दोन्ही वेळा लिहाव्यात. आणि सलग सात दिवस हवेतच. युरोपात कोकेन आणि एमडीएमए (एक्स्टसीच्या गोळीतली नशा; 'एमडी' वेगळी) शनिवार-रविवारी चढतात, गांजा आणि मेथॲम्फेटामिन आठवडाभर बरेचसे सपाट राहतात. बुधवारचा एकच नमुना घेऊन पार्टीची नशा मोजायला निघणं म्हणजे मंगळवारी रात्री एफसी रोड रिकामा बघून शहर झोपाळू आहे म्हणण्यासारखं.

बाटलीत आणि पाइपात काय होतं

पाणी गोळा झालं म्हणजे पदार्थ तिथे तसेच थांबून राहतात असं नाही. वाहिनीच्या आतल्या भिंतीवर जो बुळबुळीत थर असतो त्यातले जिवाणू काही पदार्थ खातात. हेरॉइनची खास खूण असलेलं ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन आधीच लघवीत जेमतेम १ टक्का येतं आणि वाटेत मॉर्फिन होऊन जातं. कोकेन वाटेत बेंझॉइलएक्गोनिन होतं, म्हणजे कमी होणारा पदार्थ आणि वाढणारा पदार्थ दोन्ही एकाच पाइपात. युरोपातल्या थंड पाण्यावर काढलेले टिकाऊपणाचे आकडे पुण्याच्या एप्रिल-मेमधल्या कोमट मैलापाण्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथलं पाणी इथल्या तापमानाला ठेवून, ज्ञात मात्रा टाकून, २४ तासांत किती उरतं हे आधी बघावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यामुळेच वगळलं जातं.

नमुना आला की त्याच दिवशी काचतंतूंच्या कागदातून गाळायचा. मग दोन भाग. एका भागात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सामू (पीएच) २ वर आणायचा. मेफेड्रोन ज्या कुळातलं आहे ते कॅथिनोन आम्लात जास्त टिकतात, उदासीन पाण्यात झिजतात. दुसरा भाग आम्ल न घालता ठेवायचा, आणि तो विसरला की गांजाचं मोजमाप गेलंच. गांजाची खूण म्हणजे टीएचसीचं, म्हणजे त्यातल्या नशा आणणाऱ्या घटकाचं, कार्बॉक्सी रूप. हा तेलकट स्वभावाचा रेणू आम्लाच्या पाण्यात राहायला तयार नसतो. तो बाटलीच्या भिंतीला, गाळाला, कागदाला चिकटतो. सगळ्या बाटल्या एकसारख्या आम्लात टाकल्या तर त्या गांजाचं प्रमाण खरं आहे त्याहून कमी दाखवतात. लगेच तपासायचं नसेल तर उणे २० अंशांवर गोठवायचं, बाटली पाऊण भरून. काठोकाठ भरलेली बाटली गोठताना तडकते.

पुढे प्रयोगशाळेत ५० मिलिलिटर पाण्यात प्रत्येक पदार्थाचा ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेला जुळा भाऊ ठरावीक मात्रेत टाकतात. तो रसायन म्हणून तंतोतंत सारखा वागतो, फक्त वजनाने थोडा जड. वाटेत मूळ पदार्थ जितका गळला तितकाच जुळाही गळतो, त्यामुळे शेवटी दोघांचं गुणोत्तर घेतलं की गळती भरून निघते. मग पाणी एका छोट्या नळीतल्या शोषक भुकटीतून हळू सोडतात, भुकटी धुतात, अमोनिया घातलेल्या मिथेनॉलने पदार्थ उतरवतात, नायट्रोजनच्या झोतात सुकवतात आणि ०.२ मिलिलिटरमध्ये परत विरघळवतात. पाणी अडीचशेपट आटलं. सुकवण्याआधी एक थेंब आम्ल घालायचं, नाहीतर ॲम्फेटामिनसारखे बाष्पशील पदार्थ नायट्रोजनबरोबर उडून जातात.

शेवटचं यंत्र म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला दुहेरी वस्तुमानमापक: आधी भुकटी भरलेल्या नळीतून (स्तंभातून) पदार्थ एकेक करून वेगळे होतात, मग त्यांचं वजन बघितलं जातं. बेंझॉइलएक्गोनिनचा २९० वजनाचा आयन (विद्युतभार दिलेला रेणू) निवडायचा, फोडायचा, आणि १६८ व १०५ वजनाचे तुकडे मिळतात का ते पाहायचं. दोन्ही तुकडे, योग्य प्रमाणात, योग्य मिनिटाला: तिन्ही जुळलं तरच सापडलं म्हणायचं. मैलापाण्यातली साबण-पावडर, पित्तद्रव्यं आणि औषधं आयन बनायला अडथळा करतात. जुळा भाऊ इथेही उपयोगी पडतो. तुलनेसाठी लागणारे या पदार्थांचे शुद्ध नमुने आणि त्यांचे जुळे अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे परवानगी आणि आयात यांतच पहिले काही महिने जातात. योजनेच्या वेळापत्रकात ते धरायला हवेत.

अनारसे, भांग आणि मिश्री

पुण्याचं पाणी मिलानच्या पाण्यासारखं वाचता येत नाही, ते मुख्यतः स्वयंपाकघर आणि औषधाचं दुकान यांमुळे. मॉर्फिनचंच बघा. खसखस ही अफूच्याच बोंडातली बी, आणि तिच्यावर मॉर्फिनचा थोडा अंश राहतो. खसखस खाल्ल्यानंतर लघवीत मॉर्फिन सापडतं हे चांगलं नोंदलेलं आहे. आता दिवाळीच्या आठवड्यात घरोघरी अनारसे खसखशीवर थापले जातात, करंजीच्या सारणातही ती पडते. त्या आठवड्यात मॉर्फिनचा भार वर गेला तर हेरॉइन वाढलं असं म्हणणाऱ्याने आधी स्वयंपाकघरात डोकावावं. त्यात कोडीनयुक्त खोकल्याचं औषधही शरीरात अंशतः मॉर्फिन होतं, आणि कर्करोगाच्या रुग्णांना दिलं जाणारं मॉर्फिन तर असतंच. नुसत्या मॉर्फिनवरून काहीच म्हणता येत नाही. कोडीन सोबत मोजायचं, रुग्णालयांचा खप मिळाला तर वजा करायचा, आणि हेरॉइनची खास खूण मिळाली तरच बोलायचं.

गांजाचंही तेच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोरा. सुटी पानं त्यात येत नाहीत, आणि भांग पानांची. लघवीला हा कायद्यातला भेद कळत नाही. होळी-रंगपंचमीच्या दिवसांत कार्बॉक्सी टीएचसी वाढलं तर ते ओढलेलं की प्यायलेलं हे पाणी सांगणार नाही. त्यातच घेतलेल्या टीएचसीपैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का या रूपात लघवीत येतं. म्हणजे सुमारे १२० ते १८० पटीने गुणावं लागतं, आणि अर्धा की पाऊण या छोट्याशा वादाने उत्तर दीडपट इकडेतिकडे होतं.

तंबाखू मोजणं सगळ्यात सोपं, कारण निकोटिनचं शरीरात होणारं कोटिनिन भरपूर सापडतं आणि टिकतंही. पण सिगारेट, गायछाप, गुटखा आणि आजीची मिश्री सगळे एकाच बाटलीत. निकोटिनचं च्युइंगगम वेगळं काढायचं असेल तर ॲनाबेसिन मोजतात. ते तंबाखूच्या पानात असतं, गममध्ये नसतं.

आणि कधीकधी नशा कुणी केलेलीच नसते. धाडीची कुणकुण लागली की माल संडासात ओततात. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये एमडीएमएचा भार अचानक आभाळाला भिडला. शरीर या रेणूच्या डाव्या-उजव्या (एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या) रूपांपैकी एक जास्त वेगाने पचवतं, त्यामुळे लघवीतल्या एमडीएमएमध्ये दोन्हींचं प्रमाण असमान असतं. त्या पाण्यात ते निम्मेनिम्मे होतं: न घेतलेला माल थेट पाण्यात गेला होता. कोकेनच्या बाबतीत याची सोपी चाचणी म्हणजे मूळ कोकेन आणि बेंझॉइलएक्गोनिन यांचं गुणोत्तर. मूळ पदार्थ एकदम वरचढ झाला की तो दिवस बाजूला काढायचा.

माणसं किती, पाणी किती

महापालिकेची केंद्रं लहानमोठी आहेत: विठ्ठलवाडीला ३२ दशलक्ष लिटर क्षमता, भैरोबा नाल्याला १३०. पण क्षमता म्हणजे त्या दिवशी आलेलं पाणी नव्हे. येणारं पाणी अरुंद केलेल्या मापन-नाळीवर, वरून ध्वनिलहरी सोडून मोजतात. पाण्यावर डिटर्जंटचा फेस असला की लहर फेसावरूनच परतते आणि पातळी जास्त दिसते. पातळीत ५ टक्के चूक म्हणजे प्रवाहात जवळपास ८ टक्के. सँपलिंग सुरू करण्याआधी फूटपट्टी घेऊन प्रत्यक्ष पातळी तपासणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, आणि तिने वाचवलेली चूक लाखोंच्या यंत्राने वाचवलेल्या चुकीपेक्षा मोठी असू शकते.

पाऊस आला तर? नुसतं पाणी मिसळलं तर प्रमाण घटतं, प्रवाह वाढतो आणि गुणाकार तोच राहतो. अडचण वेगळी आहे. जोराच्या पावसात चेंबरची झाकणं उचलली जातात, केंद्राला न झेपणारं पाणी परस्पर नाल्यात सोडलं जातं, आणि त्यासोबत मोजायचा भारही मुठेत जातो. जुलै-ऑगस्टचे आकडे म्हणून मी तरी तुलनेला घेणार नाही. एरवीही शहराचं काही मैलापाणी आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा अशा नाल्यांतून वाहतं. २०१७ मध्ये आलेल्या ११ आणि २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांपैकी बऱ्याच भागात सेप्टिक टँक आहेत, मोठ्या सोसायट्यांना स्वतःची छोटी शुद्धीकरण केंद्रं (एसटीपी). हे लोक केंद्राच्या पाण्यात नसतात, पण वॉर्डाच्या लोकसंख्येत असतात.

सगळ्यात ढिला आकडा लोकसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीत ३१ लाखांच्या वर माणसं होती. त्यानंतर शहर कुठल्या कुठे गेलं, आणि वॉर्डाच्या सीमा ड्रेनेजच्या उताराशी जुळतही नाहीत. शिवाय माणसं हलतात: दिवाळीत पेठांतल्या आणि कर्वेनगरच्या खोल्या रिकाम्या, गणपतीच्या शेवटच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पाय ठेवायला जागा नाही, पालखीच्या मुक्कामाला लाखो वारकरी. म्हणून पाण्यातूनच माणसं मोजायचा प्रयत्न होतो: अमोनिया, क्रिएटिनिन, कृत्रिम साखर. ओस्लोमध्ये मोबाइलच्या नोंदींवरूनही केला गेला. जैविक ऑक्सिजन मागणीवरून (पाण्यातली घाण कुजायला लागणाऱ्या ऑक्सिजनवरून) रोज माणशी ६० ग्रॅम हे युरोपीय माप इथे आंधळेपणाने लावू नये. आहार वेगळा, हॉटेलांचं खरकटं वेगळं, आणि काही वाहिन्यांत दुग्धव्यवसायाचं पाणीही येतं.

इतक्या सैल खुंट्या असताना पुण्याची बार्सिलोनाशी तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच केंद्राची, त्याच महिन्यातली, वर्षागणिक तुलना मात्र भरवशाची, कारण बहुतेक चुका दरवर्षी त्याच दिशेने होतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. सुरुवातीला दोन-तीन केंद्रं पुरेत: फेब्रुवारीत सात दिवस, नोव्हेंबरात दिवाळी टाळून सात दिवस, आणि तीच माणसं, तोच सँपलर. वसतिगृह किंवा एखाद्या सोसायटीच्या चेंबरवर सँपलर ठेवायचा मोह होईल; तिथे हजार-पाचशे माणसं असतात आणि निकाल बाहेर आला की बोट थेट पोरांकडे जातं. मोठ्या केंद्राच्या खाली उतरू नये.

आणि आम्ल घालून गोठवलेली एक जादा बाटली ठेवावी, फेकू नये. मेफेड्रोनवर भारतात २०१५ मध्ये बंदी आली. अशा वेळी बनवणारे रेणूचा एक तुकडा इकडून तिकडे सरकवतात. ३-एमएमसी हे मेफेड्रोनचं तसंच भावंड, वजन अगदी तेच, तुकडेही बरेचसे तेच, फरक फक्त स्तंभातून बाहेर यायच्या वेळेत आणि तोही काही सेकंदांचा. आज ज्याचा शुद्ध नमुनाच कपाटात नाही ते यंत्राला दिसलं तरी नावाने ओळखता येणार नाही. दोन वर्षांनी तो नमुना मिळेल, तेव्हा उणे २० अंशांतली ती पाऊण भरलेली बाटली काढायची, वितळवायची आणि पुन्हा यंत्रावर लावायची.